नळीतली लाट : शर्यतीच्या मोटारीचा हेडर कसा निवडतात?

मोटारीच्या एंजिनातून जळालेला वायू बाहेर नेणारी नळी किती लांब आणि किती रुंद असावी? हा काय प्रश्न झाला, असे तुम्हांला वाटेल. धूर बाहेर गेला की झाले! नळी जितकी रुंद आणि जितकी आखूड, तितका तो लवकर बाहेर पडेल, मग एवढा विचार कशाला?

हे उत्तर पटण्यासारखे आहे, पण बरोबर नाही. नळी प्रमाणाबाहेर रुंद केली तर एंजिनाचा जोर वाढण्याऐवजी कमी होतो. लांबी बदलली तर तेच एंजिन वेगळ्याच गतीला जोर धरते. असे का व्हावे? याचे उत्तर एंजिनाच्या पुस्तकात शोधण्यापूर्वी तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले ‘ध्वनी’ हे प्रकरण उघडा. कारण या नळीतून केवळ धूर जात नाही, तिच्यातून एक लाट जाते आणि परतही येते.

पाव मैलाची शर्यत

हा विषय समजून घ्यायला अमेरिकेतील ‘ड्रॅग रेसिंग’ हा शर्यतीचा प्रकार फार सोयीचा आहे. दोन मोटारी सरळ पट्टीवर शेजारी शेजारी उभ्या करतात. दिव्याचा इशारा होताच दोन्ही सुटतात आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर जी आधी कापील ती जिंकते. वळणे नाहीत, डावपेच फारसे नाहीत. थांबलेल्या गाडीला कमीत कमी वेळात वेग द्यायचा, एवढेच. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात.

कॅलिफोर्नियातील सँटा ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर १९५० साली अशा शर्यती नियमित सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली आणि या खेळाला नियम आले. सर्वांत वेगवान गटांच्या शर्यती २००८ पासून पाव मैलाऐवजी १,००० फुटांच्या होतात; बाकीच्या गटांसाठी पाव मैल कायम आहे. आपल्याकडेही पुणे जिल्ह्यात अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत.

या खेळात कार्ब्युरेटरने फार मोठी कामगिरी केली आहे. ‘प्रो स्टॉक’ या नामांकित गटातील मोटारी २०१५ पर्यंत कार्ब्युरेटरवर धावत. २०१६ पासून तेथे इंधन फवारणारी यंत्रणा आली. परंतु हौशी स्पर्धकांच्या अनेक गटांत कार्ब्युरेटर अजूनही दिमाखाने बसलेला आहे.

उदाहरणासाठी आपण या स्पर्धकांचे एक आवडते एंजिन घेऊ. शेव्हरोले कंपनीचे ३५० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरचे एंजिन. त्याच्या सिलिंडरचा व्यास १०१.६ मि.मी. आणि दट्ट्याची धाव ८८.४ मि.मी. आहे. चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मांडलेल्या असतात. प्रत्येक ओळीच्या बाजूला चार नळ्यांचा एक जुडगा लावतात. यालाच ‘हेडर’ म्हणतात. चारही नळ्या पुढे एका जाड नळ्यात मिळतात. त्या जाड नळ्याला ‘कलेक्टर’ म्हणजे संग्राहक म्हणतात.

वायू वेगळा, लाट वेगळी

चोषण, संपीडन, शक्ती आणि निष्कास या एंजिनाच्या चार धावा तुम्हांला माहीत आहेतच. पुस्तकातल्या आकृतीत शक्तीची धाव पूर्ण झाल्यावर निष्कास झडप उघडते. प्रत्यक्षात ती आधीच उघडतात; शर्यतीच्या एंजिनात तर दट्ट्या तळाला पोचण्याच्या बराच आधी. त्या क्षणी सिलिंडरमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट असतो. झडप उचलली जाताच तो वायू नळीत मुसंडी मारतो आणि नळीच्या तोंडाशी दाबाची एक लाट तयार होते.

येथे दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखायला हव्यात. रेल्वेच्या यार्डात एंजिन डब्यांच्या उभ्या माळेला मागून धक्का देते तेव्हा काय होते ते आठवा. ‘खड्, खड्, खड्’ करीत धक्का शेवटच्या डब्यापर्यंत झटकन पोचतो. डबे मात्र सावकाश सरकतात. नळीतही तसेच होते. वायू सेकंदाला साधारण शंभर मीटरच्या घरातील वेगाने पुढे सरकतो, तर दाबाची लाट ध्वनीच्या वेगाने धावते.

आणि हा वेग आपल्या ओळखीचा सेकंदाला ३४० मीटर नव्हे. वायूतील ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ०° सेल्सियसला, म्हणजे २७३ केल्व्हिनला, हवेत तो ३३१ मीटर असतो. नळीतील वायूचे सरासरी तापमान ५००° सेल्सियस, म्हणजे ७७३ केल्व्हिन, धरले तर ३३१ ला ७७३ भागिले २७३ याच्या वर्गमुळाने गुणा. उत्तर येते सुमारे ५५७. आपण ५५० मीटर धरून चालू.

उघड्या तोंडाशी काय घडते?

ही लाट नळीच्या उघड्या टोकाला पोचली की संपते का? नाही. तिचा काही भाग आवाज होऊन बाहेर जातो आणि बाकीची लाट परत फिरते. पण फिरताना तिचे रूप पालटते : दाबाची लाट गेलेली असते, विरलनाची लाट परत येते!

हे चमत्कारिक वाटले तर कवायतीच्या तासाला करून पाहा. दहा-बारा मुलांनी एकामागे एक उभे राहावे. प्रत्येकाने पुढच्याचा सदरा दोन्ही हातांनी धरावा. शेवटच्या मुलाने हलकासा धक्का द्यावा. धक्का पुढे पुढे सरकत जाईल. सर्वांत पुढचा मुलगा भिंतीला टेकून असेल, तर धक्का त्याच्यापासून धक्क्याच्याच रूपात मागे येईल. पण त्याच्यापुढे मोकळी जागा असेल, तर तो पुढे झोकांडेल आणि आपल्या मागच्याला ओढील. तो आपल्या मागच्याला ओढील. म्हणजे गेला धक्का आणि परत आली ओढ. बंद टोक म्हणजे भिंत आणि उघडे टोक म्हणजे मोकळी जागा.

ही परत येणारी ‘ओढ’ म्हणजे एंजिनाला फुकट मिळालेला मदतनीस आहे. मात्र तो वेळेवर यायला हवा.

७२ घनसेंटिमीटरचा प्रश्न

निष्कास धावेत दट्ट्या वर येऊन जळका वायू बाहेर ढकलतो. पण तो सगळाच ढकलू शकत नाही. दट्ट्या अगदी वर आला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते. आपल्या एंजिनाच्या एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ७१७ घनसेंटिमीटर आहे. संपीडन गुणोत्तर ११ असेल, तर वर उरलेली जागा ७१७ भागिले १०, म्हणजे सुमारे ७२ घनसेंटिमीटर होते. या जागेत अडकलेला जळका वायू पुढच्या फेऱ्यात निरुपयोगी. तो तिथे राहिला तर तेवढे ताजे मिश्रण कमी येणार.

दट्ट्या वरच्या टोकाशी असताना काही अंशांपुरत्या चोषण व निष्कास या दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असतात. नेमक्या त्याच वेळी विरलनाची लाट निष्कास झडपेशी पोचली, तर ती त्या ७२ घनसेंटिमीटरमधील जळका वायू ओढून घेते आणि त्याच्यामागून चोषण झडपेतून ताजे मिश्रण आत येऊ लागते. दट्ट्याने खाली जायला सुरुवातही केलेली नसते, तरी सिलिंडर भरायला लागलेला असतो!

आता लांबीचा हिशेब करू. एंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेत आहे. म्हणजे भुजादंड एका सेकंदात ४२,००० अंश फिरतो. निष्कास झडप दट्ट्या तळाला पोचण्यापूर्वी ८० अंश उघडते असे धरू. तेथून दट्ट्या वरच्या टोकाला येईपर्यंत ८० अधिक १८०, म्हणजे २६० अंश होतात. परंतु झडप एकदम पूर्ण उघडत नाही. लाटेचा माथा झडप उघडू लागल्यानंतर सुमारे ६० अंशांनी निघतो असे मानले, तर उरले २०० अंश. त्यांना लागणारा वेळ २०० भागिले ४२,०००, म्हणजे ०.००४८ सेकंद. एवढ्या वेळात लाट ५५० मीटरच्या वेगाने सुमारे २.६ मीटर जाईल. जाणे आणि येणे मिळून हे अंतर, म्हणून एकेरी लांबी १.३ मीटर.

प्रत्यक्षातही अशा मोटारीच्या हेडरच्या नळ्या ८० ते ९० सें.मी. असतात; त्यात एंजिनाच्या डोक्यातील वाहिनीचे आठ-दहा सें.मी. आणि कलेक्टरचे तीस-चाळीस सें.मी. मिळवले, की बेरीज आपल्या उत्तराच्या आसपास येते. हा हिशेब ढोबळ आहे. नळीच्या दोन टोकांना तापमान सारखे नसते आणि वाहता वायू लाटेला जाताना साथ देतो, येताना विरोध करतो. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : फेरे वाढले की वेळ कमी होतो, म्हणून जास्त फेऱ्यांच्या एंजिनाला आखूड नळी आणि कमी फेऱ्यांच्या एंजिनाला लांब नळी.

रुंदी कशी ठरवावी?

नळी अरुंद असली तर वायू कोंडतो आणि त्याला ढकलण्यात दट्ट्याची शक्ती वाया जाते. नळी फार रुंद असली तर वायूचा वेग मंदावतो, लाटही दुबळी होते आणि मिळणारी ओढ नावापुरती राहते. मधला मार्ग कोणता?

वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून एक ठोकताळा रूढ झाला आहे. नळीतील वायूचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ७३ मीटर (२४० फूट) होतो, त्या गतीच्या आसपास ती नळी एंजिनाचा टॉर्क, म्हणजे भुजादंडाला फिरवणारा जोर, सर्वांत जास्त वाढवते. हा वेग काढणे सोपे आहे : दट्ट्याच्या सरासरी वेगाला दट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणा आणि नळीच्या आतील क्षेत्रफळाने भागा.

बाजारात या नळ्या बाहेरील व्यासावरून ओळखतात. पत्र्याची जाडी १.२ मि.मी. धरून आपल्या एंजिनासाठी उत्तरे अशी येतात :

पावणेदोन इंची नळी : सुमारे ४,२०० फेरे
एक पूर्णांक सात अष्टमांश इंची नळी : सुमारे ४,९०० फेरे
दोन इंची नळी : सुमारे ५,६०० फेरे

व्यासात फरक केवळ पाव इंचाचा, पण जोराची जागा १,४०० फेऱ्यांनी सरकली! कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते.

निवड गिअरपेटीला विचारून

मग यांपैकी कोणती नळी उत्तम? याचे उत्तर एंजिनात नाही, गिअरपेटीत आहे. शर्यत चालू असताना एंजिन कोणत्या फेऱ्यांत राहते ते पाहा.

समजा, गाडीला चार गिअर आहेत आणि त्यांची गुणोत्तरे २.२०, १.६४, १.२८ आणि १ आहेत. चालक ७,००० फेऱ्यांना गिअर बदलतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेरे ७,००० गुणिले १.६४ भागिले २.२०, म्हणजे सुमारे ५,२०० वर उतरतात. पुढच्या दोन बदलांत ते सुमारे ५,५०० वर येतात. म्हणजे गाडी सुटल्यानंतर एंजिनाचा सगळा वेळ ५,२०० ते ७,००० या पट्ट्यात जातो.

पावणेदोन इंची नळीचा सगळा गुण ४,२०० च्या आसपास. तिथे हे एंजिन फिरकतच नाही. उलट ७,००० फेऱ्यांना त्या नळीत वायूचा वेग १२० मीटरवर जातो आणि कोंडमारा सुरू होतो. दोन इंची नळी वरच्या फेऱ्यांत मोकळी, पण गिअर बदलल्याबरोबर जो जोर हवा तो तिच्यात जरा उशिरा येतो. ती आठ हजारांपर्यंत पळणाऱ्या एंजिनाला अधिक शोभेल. मधली नळी पट्ट्याच्या खालच्या कडेला जोर धरते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

आता तेच एंजिन दोनच गिअर असलेल्या ‘पॉवरग्लाइड’ या स्वयंचलित पेटीला जोडा. तिचा पहिला गिअर १.७६ चा असेल, तर ७,००० फेरे उतरून थेट ४,००० च्या जवळ येतात. टॉर्क कन्व्हर्टर घसरत असल्यामुळे प्रत्यक्ष उतार थोडा कमी असतो, तरी पट्टा खाली सरकतोच. येथे अरुंद नळी बाजी मारू शकते. एंजिन एकच, पण हेडर दोन!

चार नळ्यांची गाठ

चार नळ्या एकत्र येतात तेथे जागा एकदम मोठी होते. त्यामुळे लाटेचा काही भाग तेथूनच विरलन होऊन परततो आणि उरलेला कलेक्टरच्या टोकापासून. दोन निरनिराळ्या वेळी परतणाऱ्या या लाटांमुळे फायद्याचा पट्टा रुंद होतो. कलेक्टरची लांबी वाढवली की खालच्या फेऱ्यांतील जोर सुधारतो. काही स्पर्धक तर मुद्दाम लांब कलेक्टर लावून त्यावर रंगाचा पट्टा ओढतात, एक फेरी मारतात आणि रंग जेथपर्यंत करपला तेथे कलेक्टर कापतात.

कोणत्या नळ्या शेजारी आणाव्यात यालाही महत्त्व आहे. या एंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असतो. एका ओळीत १, ३, ५ व ७ हे सिलिंडर आहेत. त्यांतील ५ आणि ७ हे शेजारी लागोपाठ, अवघ्या ९० अंशांच्या अंतराने पेटतात. सर्वसाधारण मोटारीच्या बिडाच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये सातव्याची लाट पाचव्याच्या उघड्या झडपेवर जाऊन आदळते. हेडरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र लांब नळी मिळते आणि हा त्रास कमी होतो.

या लाटांचा पद्धतशीर उपयोग करणाऱ्यांत क्रायस्लर कंपनीतील काही तरुण अभियंते होते. ‘रॅमचार्जर्स’ हे त्यांच्या मंडळाचे नाव. १९४९ सालची एक जुनी प्लिमथ मोटार घेऊन ते १९५९ साली डेट्रॉइटच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरले. तिचे कार्ब्युरेटर लांब नळ्यांवर उंच चढवले होते आणि निष्कास नळ्या कर्ण्यासारख्या पसरत गेल्या होत्या. दिसायला ती विचित्र होती, पण तिची प्रत्येक नळी लाटांच्या हिशेबाने बनवलेली होती.

कार्ब्युरेटरची तक्रार

कार्ब्युरेटरला डोके नसते. त्याला फक्त वाहणारी हवा समजते. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथील दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल खेचले जाते. हवा वरून खाली जाते की खालून वर येते, हे त्याला कळत नाही.

आता चुकीचा हेडर लावला आणि झडपा उघड्या असताना विरलनाऐवजी दाबाची लाट परतली, तर काय होईल? जळका वायू सिलिंडरमधून चोषण वाहिनीत घुसेल आणि मिश्रणाला मागे रेटील. ते कार्ब्युरेटरच्या गळ्यातून उलटे वर जाईल, तेव्हा त्यात पेट्रोल मिसळेल. पुन्हा खाली येईल, तेव्हा आणखी मिसळेल. मिश्रण गरजेपेक्षा घट्ट होते आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर पेट्रोलचे धुके तरंगताना दिसते. दोष नळीचा, पण खापर फुटते कार्ब्युरेटरवर!

उलट, चांगल्या हेडरमुळे हवा जास्त आली तर पेट्रोलचे प्रमाणही पुन्हा पाहावे लागते. म्हणून हेडर बदलल्यावर कुशल मेकॅनिक प्लग काढून त्यांचा रंग बघतो आणि गरजेप्रमाणे जेट बदलतो. तुमच्या गावातील मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या जुन्या मेकॅनिकला विचारा. प्लगचा रंग वाचण्याची ही कला त्यालाही अवगत असेल.

येथे एक सावधगिरी. हे सर्व शर्यतीच्या पट्टीवरचे शास्त्र आहे. रस्त्यावरच्या गाडीचा सायलेन्सर काढल्याने ती वेगवान होत नाही. आवाज वाढतो, कानांना इजा होते आणि आपल्याकडे तो कायद्याने गुन्हाही आहे.

करून पाहा

तीन मीटर लांबीचा प्लास्टिकचा पाइप घ्या. एका तोंडाजवळ मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण सुरू करा आणि त्याच तोंडाशी दोन लाकडी ठोकळे एकदाच जोरात आपटा. संगणकावर त्या आवाजाचा आलेख पाहा. मूळ आवाजानंतर सुमारे ०.०१७ सेकंदाने प्रतिध्वनी दिसेल. सहा मीटर भागिले ३४५ करून पडताळा. आता दुसरे तोंड फळीने घट्ट बंद करून प्रयोग पुन्हा करा. पहिल्या प्रतिध्वनीतील शेंडे आणि खळगे यांची अदलाबदल झालेली आढळेल. रांगेतली ओढ आणि धक्का तुम्ही डोळ्यांनी पाहिलात!

आणि एक गणित तुमच्यासाठी. हेडरच्या नळ्यांवर उष्णता अडवणारे आवरण चढवले आणि आतील वायूचे सरासरी तापमान ५००° वरून ६००° सेल्सियस झाले. नळीची लांबी तीच ठेवली, तर लाट आता किती फेऱ्यांना वेळेवर पोचेल? ७,००० पेक्षा जास्त की कमी? आधी अंदाज करा, मग हिशेब मांडा.